विष आधी की काढा आधी?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहून गेले होते, की लिव्हर टॉनिक म्हणजे यकृताचा रेनकोट नव्हे. तेवढ्या एका वाक्यावरून इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर यकृतालाच देऊन टाकलं. काहींनी माझे कान उपटलेत, काहींनी बाटल्यांच्या लेबलांचे फोटो पाठवलेत, आणि दादरच्या एका काकांनी तर चक्क रिकामी बाटलीच कचेरीत पोचती केली. नव्या वाचकांसाठी सांगते: मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात ३४ वर्षं औषधशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी तरी उंदरांच्या यकृतांपायी गेली. त्यामुळे औषध लिहून देणार नाही. पण बाटलीवर जे छापलेलं असतं ते कुठून येतं, हे मला बरंच ठाऊक आहे.

प्रश्न: माझे वडील ६१ वर्षांचे, वजन ६० किलो. रोज संध्याकाळी दोन पेग घेतात. त्याआधी अर्धा तास आयुर्वेदिक लिव्हर टॉनिकचे दोन चमचे, सकाळी पुन्हा दोन. बाटलीवर 'विषारी द्रव्यांपासून यकृताचे रक्षण' असं लिहिलंय आणि दर ५ मिलीत भुईआवळीचा अर्क १०० मिलिग्रॅम. केमिस्ट म्हणाला, यावर संशोधन झालंय. खरंच झालंय का? (डोंबिवली)

झालंय ना! केमिस्टने फसवलं नाही. फक्त ते कोणावर झालं आणि कसं झालं, हे त्याने सांगितलं नाही. बहुधा त्यालाही कोणी सांगितलं नसेल.

दीडशे-दोनशे ग्रॅमचे पांढरे विस्टार उंदीर घ्यायचे, सहा-सहाचे गट करायचे. एका गटाला नुसतं पाणी. दुसऱ्याला सात दिवस पाणी आणि मग विष. तिसऱ्याला सात दिवस वनस्पतीचा अर्क, आणि मग तेच विष. चौथ्याला अर्काऐवजी सिलिमरिन, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका जांभळ्या फुलांच्या काटेरी झाडाच्या बियांतून काढलेलं द्रव्य. या वर्गातला हा कायमचा पहिला नंबर; बाकीच्या झाडांनी आपले मार्क त्याच्याशी ताडून बघायचे. विष बहुतेक वेळा कार्बन टेट्राक्लोराइड, लिक्विड पॅराफिनमध्ये निम्मंनिम्म मिसळलेलं. अर्क पाजायला बोथट टोकाची, किंचित वाकडी सुई असते. ती उंदराच्या टाळूवरून अलगद घशात सरकवायची. घाई केली तर अर्क फुप्फुसात जातो आणि उंदीर हातातच मरतो. पहिल्या वर्षी माझ्या हातात तीन गेले.

२४ तासांनी रक्त काढायचं, मग पोट उघडायचं. निरोगी यकृत काळसर तांबूस, ओल्या जांभळासारखं चकचकीत असतं. विष दिलेल्याचं फिकट, मातकट, ठिपक्याठिपक्यांचं. सुरी लावली की पातं तुपकट होतं. आणि अर्क दिलेल्या उंदराचं यकृत या दोहोंच्या मधलं, नशीब असेल तर पहिल्याकडे झुकणारं. असं यकृत ट्रेमध्ये बघितलं की पोरं आनंदाने ओरडायची. मीही ओरडलेय.

आता गंमत ऐका. हे कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः तितकं वाईट नसतं. त्याला वाईट बनवतं ते यकृतच. यकृतात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचं (एन्झाइमांचं) मोठं कुटुंब आहे. त्यातलं २-ई-१ नावाचं विकर या रेणूतला एक क्लोरीन काढून घेतं, आणि मागे उरतो तो एक पिसाळलेला तुकडा. तो पेशींच्या आवरणातल्या चरबीला चावतो, चावलेली चरबी शेजारच्या चरबीला चावते, आणि बघता बघता आवरण फाटतं. पेशीतली एसजीपीटी (हेही एक विकरच) रक्तात गळते. रिपोर्टमध्ये आपण मोजतो ती ही गळती.

यावर वनस्पती दोन प्रकारे उपयोगी पडते. एक तर ती त्या पिसाळलेल्या तुकड्यांना पकडते. किंवा, आणि हे लेबलवर कधीच नसतं, ती त्या विकरालाच आधीपासून गप्प करून ठेवते. मग विषाचं विष होतच नाही, उंदीर ते बरंचसं श्वासावाटे जसंच्या तसं बाहेर टाकतो. एसजीपीटी छान येते, निबंधात 'यकृतरक्षक' असं छापलं जातं. पण हे सगळं कधी? तर काढा आधी आणि विष नंतर असेल तेव्हा. उंदराच्या विषाची तारीख आम्ही सात दिवस आधी वहीत लिहून ठेवलेली असते. माणसाला अशी वही मिळत नाही.

तुमचे बाबा अर्धा तास आधी टॉनिक घेतात, म्हणजे प्रयोगाची नक्कल त्यांनी माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा बरी केलीय, हे कबूल! पण आमच्या उंदराने विष आयुष्यात एकदाच घेतलेलं असतं. शिवाय दारूचा रस्ता निराळा आहे. ती मुख्यतः दुसऱ्याच विकराकडून मोडली जाते, आणि रोज पिणाऱ्याच्या यकृतात ते २-ई-१ वाढून बसलेलं असतं ते वेगळंच.

आता हिशेब. उंदरांना साधारण किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क देतात. उंदराचा डोस माणसावर आणताना ६.२ ने भागायची रीत आहे. म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि ६० किलोच्या बाबांना दिवसाला ३.९ ग्रॅम अर्क. तुमच्या बाटलीतून दिवसाला २० मिली जातं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. साधारण दहावा हिस्सा. (बाबांना हे वाचून दाखवू नका, नाहीतर दहापट पितील.)

भुईआवळीची माणसांवरची गोष्टही सांगायला हवी. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की हेपटायटिस बी शरीरात बाळगणाऱ्या ३७ जणांना महिनाभर ही वनस्पती दिली, आणि २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर खळबळ उडाली. पुढे इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तो निकाल पुन्हा हाती लागला नाही. सिलिमरिनचंही असंच. विषारी अळंबी खाल्लेल्यांना युरोपातल्या रुग्णालयांत त्यातला मुख्य घटक शिरेतून देतात, कारण तो त्या विषाला यकृताच्या पेशीत शिरू देत नाही. पण हेपटायटिस सी झालेल्या १५४ जणांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचा निकाल २०१२ साली आला: एसजीपीटीवर साध्या खोट्या गोळीपेक्षा जास्त परिणाम नाही.

बाबांची एसजीपीटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. सिरॉसिस, म्हणजे यकृत आतून कठीण होणं, पुढे गेलेल्या माणसाची एसजीपीटी नॉर्मल असू शकते, कारण गळायलाच फारसं काही उरलेलं नसतं. अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि सोनोग्राफी करून घ्या, आणि रिपोर्ट फिजिशियनला दाखवा. टॉनिकने बाबांचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. त्या दोन चमच्यांमुळे दोन पेगांना परवानगी मिळते, मला भीती त्याची आहे. आणि हो, दादरच्या काकांनी पाठवलेली बाटली रोहितकारिष्टाची होती. त्यात आंबवताना तयार झालेला मद्यार्क ५ ते १० टक्के असतो. लेबल वाचा. यकृतासाठी म्हणून चमचा-चमचा दारूच चाललीय!

प्रश्न: माझ्या २६ वर्षांच्या भावाला फुप्फुसाचा टीबी आहे. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले. त्याला लघवी लालसर नारिंगी होते. एसजीपीटी ९६ आलीय. उलटी वगैरे नाही, जेवतो नीट. शेजारच्या काकूंनी कुटकीची पूड आणून दिलीय. म्हणाल्या, टीबीच्या गोळ्या यकृत जाळतात, कुटकी वाचवते. देऊ का? (शिवडी)

आधी लघवीचं. तो रंग रिफाम्पिसिन या गोळीचा आहे, काविळीचा नव्हे. घाम आणि अश्रूसुद्धा थोडे नारिंगी होतात. बनियनवर डाग दिसले तर घाबरू नका. कावीळ बघायची ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, आणि तीही दिवसाउजेडी, खिडकीपाशी उभं करून. पिवळ्या बल्बखाली सगळं घर पिवळं दिसतं.

काकूंचं अर्धं बरोबर आहे. पहिले दोन महिने भावाला चार औषधं मिळतात. त्यांतली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. चौथं इथाम्ब्युटॉल, त्याचं लक्ष डोळ्यांवर. म्हणूनच डॉक्टर तपासण्या करतात. एसजीपीटीची वरची मर्यादा ४० धरली, तर उलट्या-मळमळ-कावीळ असताना ती तिप्पट, म्हणजे १२० च्या वर गेली की औषधं थांबवण्याचा विचार करतात. काहीच त्रास नसेल तर पाचपट, म्हणजे २०० नंतर. ९६ आणि जेवण व्यवस्थित, अशा वेळी बहुधा गोळ्या चालू ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त बघतात. पण ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी नाही.

आता कुटकी. ही हिमालयात ३००० मीटरच्या वर उगवणारी, जिभेवर ठेवली तर संध्याकाळपर्यंत कडू लागणारी मुळी. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने तिच्यातून 'पिक्रोलिव्ह' नावाचं द्रव्य काढलं आणि त्यावर बरीच वर्षं चांगलं काम केलं. प्राण्यांत तिने यकृत वाचवलेलं मी स्वतः ट्रेमध्ये पाहिलंय. इतकी खणून नेली, की १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तेव्हा काकूंच्या पुडीत खरोखर कुटकीच आहे का, हा प्रश्नही राहतोच.

तरीही देऊ नका, असंच सांगेन. कारण साधं आहे. उद्या भावाची एसजीपीटी ३०० झाली, तर डॉक्टर काय करतात? सगळ्या गोळ्या थांबवतात, यकृत शांत होऊ देतात, आणि मग एकेक औषध पुन्हा सुरू करून गुन्हेगार शोधतात. तीन संशयित आधीच कोठडीत आहेत. त्यात घरून चौथा कशाला पाठवायचा? आणि दुसरी भीती अशी, की कुटकी सुरू झाली म्हणून 'आता यकृत सांभाळलं गेलं' असं समजून उलटी झाली तरी दोन दिवस घरीच काढाल. तसं अजिबात करू नका. जेवण नकोसं झालं, मळमळायला लागलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. मनाने गोळ्या बंद करू नका, कारण अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. दारू पूर्ण बंद. अंगदुखीला सटासट पॅरासिटामॉल नको, तेही विचारून.

पुडी काकूंना परत करताना मात्र जरा गोड बोला. त्या तुमच्या घरी येतात, टीबी आहे म्हणून दार लावून घेत नाहीत, हे फार आहे.

प्रश्न: मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला यकृतरक्षक वनस्पती घ्यायचीय. सर म्हणाले, कोणतीही घे, सगळ्या चालतात. मॅडम, कोणती घेऊ? (विलेपार्ले)

अगं, सर म्हणतात ते खरंय, आणि दुखणं नेमकं तेच आहे. माका चालतो, घेटुळी चालते, उन्हाळी चालते, ओलेकिराईत चालतं. पॉलिफेनॉल भरलेला कुठलाही हिरवा पाला आणून, पुरेसा घट्ट अर्क करून, विषाच्या आधी आठवडाभर पाजलास तर एसजीपीटी थोडीफार उतरतेच. जी परीक्षा सगळेच पास होतात, तिच्यातून कळणार काय?

तुला माझी फजिती सांगते. नव्वदच्या दशकात एका वनस्पतीने आमच्याकडे चमत्कार केला. नुसत्या विषाच्या गटातले दोन उंदीर मेले, आणि अर्काच्या गटाची एसजीपीटी जवळजवळ निरोगी उंदरांसारखी. आम्ही पेढे वाटले. निबंध लिहायला घेतला. मग एका शनिवारी पिंजऱ्यांची वही चाळताना दिसलं, की विषाच्या आदल्या रात्री नुसत्या विषाच्या गटाच्या पिंजऱ्यातलं खाणं काढून घेतलं होतं, आणि अर्काच्या गटाचं काढलंच नव्हतं. आमच्या मदतनिसाला वाटलं, अर्कवाल्यांना तर औषध चालू आहे, त्यांना कशाला उपाशी ठेवायचं? भला माणूस. उपाशी उंदराच्या यकृतात ग्लुटाथायोन हे विष निकामी करणारं द्रव्य आटतं आणि २-ई-१ वाढतं, म्हणजे ढाल पातळ आणि तलवार धारदार. आम्ही वनस्पतीचा नव्हे, रात्रीच्या जेवणाचा गुण मोजला होता. सगळं पुन्हा केलं. चमत्कार निम्म्यावर आला, आणि पेढे केव्हाच पचले होते.

तेव्हा वनस्पती कोणतीही घे, माकाच घे, स्वस्तात मिळतो. पण झाड बाजारातून 'माका' म्हणून आणलंस, तर ते झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये नेऊन आधी ओळखून घे. दादरला पावसाळ्यात भुईआवळीच्या जुड्या विकतात, त्यातसुद्धा एकाच जुडीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. पानाखालची ती बारीक फळं सगळ्यांनाच असतात. मग एक गट असा ठेव, ज्याला विष आधी आणि अर्क सहा तासांनी. बहुतेक जण हा गट ठेवतच नाहीत, कारण त्यात अब्रू जाते. एक गट नुसत्या अर्काचा, त्याला विष नाहीच. रक्षकच त्रास देत नाही ना, ते कळायला नको? आणि अर्क त्या विकरालाच गप्प करतोय का, हे बघायला जुनी युक्ती आहे: अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांना पेंटोबार्बिटोन देऊन कोण किती वेळ झोपतो ते घड्याळ लावून बघायचं. अर्कवाले जास्त झोपले, तर औषधं मोडणारी विकरं मंदावली आहेत असा संशय घ्यायचा. यंत्र लागत नाही, चहाचा थर्मास लागतो.

यकृताच्या कापांच्या काचपट्ट्या वाचणाऱ्याला कोणती पट्टी कुठल्या गटाची ते सांगू नकोस. मध्यशिरेभोवती बघायला सांग, कारण ते विकर तिथेच जास्त असतं आणि तिथूनच जाळीदार भोकं पडायला सुरुवात होते. प्राणी-प्रयोग समितीची परवानगी आधी, उंदीर नंतर. परवानगी मिळाली नाही तर पेशींवर करशील, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेप-जी-२ या यकृतपेशींत ते विकर जेमतेम असतं, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड ओतून बसशील आणि काहीच घडणार नाही. तिथे पॅरासिटामॉलसुद्धा त्याच कारणाने नीट वागत नाही.

निकाल वाईट आला तर तसाच लिही. सर रागावले तर माझं नाव सांग.

प्रश्न: २०२० पासून गच्चीतल्या गुळवेलीचं वीतभर कांडं उकळून आम्ही नवरा-बायको रोज काढा घेतो. मला बरीच वर्षं थायरॉइड आहे. आता म्हणतात, गुळवेलीने यकृत बिघडतं. मग तेव्हा प्या प्या का म्हणत होते? (मुलुंड)

तेव्हा करोनाने सगळेच घाबरलेले होते, हो. मीही दोन आठवडे प्यायले.

तुम्ही ऐकलंत ते आपल्या मुंबईतूनच सुरू झालं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत इथल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे आणि यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले. त्यांनी ते २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती खरी गुळवेल नसून तिची दुसरी जात असेल. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. यकृतावर शरीराचीच प्रतिकारशक्ती तुटून पडावी, तसं ते चित्र होतं, आणि त्यांच्यातल्या काहींना आधीपासून थायरॉइडसारखे आजार होते. बहुतेक जण काढा थांबवल्यावर सावरले. ज्यांचं यकृत आधीच आतून कठीण झालं होतं, त्यांचे हाल झाले.

मला यात गुळवेलीचा अपमान वाटत नाही. परळला केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताची वाट अडून कावीळ झालेल्यांना शस्त्रक्रियेच्या आधी हीच वेल दिली होती. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती ढेपाळलेली असते, जंतुसंसर्गाने ते जातात. तिथे तिचा चांगला उपयोग झाल्याचं त्यांनी १९९३ साली दाखवलं. पण ते आजारी माणसांना, मोजून, वॉर्डात डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि तुम्ही धडधाकट असताना, वीत हे माप धरून, वर्षानुवर्षं. ज्या गुणाने ती झोपलेल्या प्रतिकारशक्तीला उठवते, त्याच गुणाने जागी असलेलीला चिडवू शकते. वीतसुद्धा कोणाची, तुमची की यजमानांची?

तुमचा थायरॉइड स्वप्रतिकारातला, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटल्याने झालेला आहे का, ते डॉक्टरांना विचारा. काढा आजपासून बंद, दोघांचाही. एकदा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्या. वेल उपटू नका, दिसायला छान असते.

प्रश्न: यजमान २२ वर्षं लाँड्रीत डाग काढायच्या कामाला आहेत. दुकान आठ बाय दहाचं. औषधांच्या वासाने यकृत खराब होऊ नये, म्हणून मी त्यांना रोज सकाळी माक्याचा कच्चा रस देते. चालेल ना? सासूबाई म्हणतात, काविळीची माळही घालून ठेव, आधीच. (गिरगाव)

ताई, तुमच्या प्रश्नाने मला थेट ठाकूरद्वारला नेलं. माझा मामा तिथल्या एका लाँड्रीत होता. १९६८-६९ ची गोष्ट. रेशमी साड्यांवरचे तेलाचे डाग काढायला त्याच्याकडे एक तपकिरी बाटली असायची. तिचा गोडसर वास मला तेव्हा आवडायचा. ते कार्बन टेट्राक्लोराइड होतं, हे मला बारा वर्षांनी लॅबमध्ये बाटली उघडल्यावर नाकाने सांगितलं. तेव्हा लाँड्रीपासून कापड गिरण्यांपर्यंत ते डागांसाठी सर्रास वापरायचे. आपल्याकडे मॉन्ट्रियल कराराप्रमाणे त्याचा असा वापर २०१० पासून बंद झाला.

पावसाळ्यात झड आत येते म्हणून मामा खिडकी लावून बसायचा, आणि संध्याकाळी एक क्वार्टर. त्याला वाटायचं, दारूने वासाचं डोकं उतरतं. दारूने २-ई-१ वाढतं आणि त्याच बाटलीतलं विष दुप्पट हाताने तयार होतं, हे त्याला कोण सांगणार? श्रावणात डोळे हळदीसारखे झाले.

मामीने माळ आणली. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात बांधलेले असतात. काड्या वाळून आकसतात, फास सैल होतात आणि माळ लांब होत जाते. लोक म्हणतात, कावीळ ओढून घेतली. हात धुऊन चुन्याचं पाणी पिवळं करून दाखवणारेही याच जातीचे, आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला चोळतात. मामा तीन आठवड्यांनी बरा झाला. कारण त्या तीन आठवड्यांत तो दुकानात गेला नाही आणि प्यायला नाही, आणि यकृताला मोकळं सोडलं की ते स्वतःला पुन्हा उभारतं. आमचे उंदीरसुद्धा एका डोसानंतर काही न देता आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारायचे.

माक्याचं सांगते. गटाराकाठचा माका असेल तर कच्चा रस ताबडतोब बंद करा. हेपटायटिस ए आणि ई सांडपाण्यातूनच पसरतात. कावीळ टाळायला दिलेला रसच कावीळ देईल. कुंडीत लावलात तर भाजीत घाला, तेलात उकळा, हवं ते करा.

खरं काम दुकानात आहे. आता बहुतेक ठिकाणी परक्लोरोइथिलीन, पांढरं पेट्रोल किंवा थिनर वापरतात. परक्लोरोइथिलीनही यकृताचं मित्र नाही, थिनर तर डब्यागणिक वेगळं. मालकांना विचारून डब्यावरचं नाव कागदावर उतरवून घ्या आणि डॉक्टरांना द्या. या वाफा हवेपेक्षा जड असतात, खाली साचतात. एक्झॉस्ट पंखा छताशी लावून फारसा उपयोग नाही, तो खाली, टेबलाच्या पायापाशी हवा. डबा वापरून झाला की झाकण. भिजलेला बोळा उघड्या बादलीत नको. हातमोजे नायट्राइलचे आणायला सांगा, भांडी घासायचे नकोत. वर्षातून एकदा एलएफटी आणि किडनीची तपासणी. आणि संध्याकाळची क्वार्टर असेल, तर ती बंद.

मामीने ती माळ देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली, बरीच वर्षं होती. तपकिरी बाटली मामाने टाकली नाही. ती फक्त खिडकीजवळच्या फळीवर गेली, आणि खिडकीला मामीने बाहेरून पत्र्याचा छज्जा ठोकून घेतला, झड येऊ नये म्हणून.